ढालीची उजवी बाजू

१

मंगळवार होता, आणि मी सकाळपासून एका सिंहावरून वैतागलो होतो.

ओहायोच्या लोरेन हेशन नावाच्या बाईंना त्यांच्या आडनावाची पुस्तिका हवी होती. आडनाव कुठून आले, आमच्याकडच्या कोणत्या काउंटीत रुजले, कोण कोण बोटीत बसून अमेरिकेला गेले, हे सगळे मी बत्तीस पानांत लिहून दिले होते. तेवीस वर्षे मी हेच काम करतो. पण बाईंना मुखपृष्ठावरच्या ढालीत सिंह पाहिजे होता. शेजारणीच्या आडनावाला सिंह आहे, मग आमच्या का नाही? मी तिसऱ्यांदा लिहीत होतो की कुलचिन्ह आडनावाला मिळत नसते. ते एका माणसाला मिळते आणि त्याच्यामागे त्याच्या वंशाला. हेशन नाव लावणाऱ्या प्रत्येकाला सिंह वाटून देण्याची सोय नाही. तुमचे पूर्वज दुसऱ्यांची गुरे राखत होते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हे शेवटचे वाक्य मी खोडले. एथ्ना असती तर म्हणाली असती, "दे रे त्या बिचारीला एक सिंह. त्याला काय खायला घालावं लागतंय?"

एथ्ना माझी बायको. पुस्तिका मी लिहायचो, ढाली ती रंगवायची. आदल्या वर्षी नऊ नोव्हेंबरला ती गेली. हा सप्टेंबर होता.

फोन वाजला. एथ्नाची थोरली बहीण अट्रॅक्टा.

"डोनल, काय टांगलंयस ते?"

"कुठे?"

"कुठे म्हणून मलाच विचार! घराच्या तोंडावर. मी बसमधून बघितलं. अख्ख्या बसने बघितलं. शेजारी बसलेली टेसी म्हणाली, डोनलने टीव्हीची नवी डिश बसवलीय वाटतं."

"मी काहीही बसवलेलं नाही."

"मग ती काय भिंतीला आपोआप फुटली?"

आमच्याकडे घराचे पुढचे दार कोणी वापरत नाही. सगळी ये-जा मागून, स्वयंपाकघरातून. पुढच्या दाराने आत येतात ते फादर आणि अमेरिकन पाहुणे, आणि बाहेर जाते ती शवपेटी. ते दार शेवटचे उघडले ते नोव्हेंबरात. त्यानंतर मी त्या बाजूला फिरकलोही नव्हतो. सपाता घालूनच घराला वळसा घातला. गवत गुडघ्याएवढे वाढले होते आणि पायमोजे ओले झाले.

दाराच्या वर सुतकपाटी टांगलेली होती.

ही पद्धत जमीनदारांच्या मोठ्या घरांतली, आणि तिथूनही ती दीडशे वर्षांपूर्वी गेली. आमच्यासारख्यांच्या सिमेंटच्या बैठ्या घरावर असली पाटी कधी कोणी लावली नसेल. चार फुटांची चौकोनी फळी, एका कोनावर उभी केलेली. मधोमध ढाल, उभी दुभागलेली. एका अर्ध्यात नवऱ्याचे चिन्ह, दुसऱ्यात बायकोचे. दोघांपैकी जो गेला त्याच्या अर्ध्यामागची फळी काळी रंगवायची, जो उरला त्याच्यामागची पांढरी. दोघेही गेले तर सगळीच काळी. रस्त्याने जाणाऱ्याला दार न ठोठावता कळावे, एवढाच हेतू. वर्ष आणि एक दिवस पाटी घरावर राहते. मग ती चर्चमध्ये नेऊन ठेवतात आणि घर सुतकातून बाहेर पडते.

पाटीवर आमची चिन्हे होती. काळा रंग नवऱ्याच्या बाजूला होता, बायकोची बाजू पांढरीशुभ्र.

सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या मनात पहिल्यांदा भीती आली नाही, दुःखही आले नाही. आला तो वैताग. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा: ढालीची उजवी बाजू ही पाहणाऱ्याची उजवी नव्हे. ढाल हातात धरून जो तिच्यामागे उभा आहे, त्याची उजवी. त्यामुळे नवऱ्याचा उजवा, मानाचा अर्धा भाग आपल्याला डावीकडे दिसतो. शिकाऊ माणूस हमखास इथे घसरतो. ज्या कोणी हा आचरटपणा केला होता त्याला साधे डावे-उजवे कळत नव्हते.

२

अट्रॅक्टा दुपारी आली. हातात फडक्यात बांधलेला सोडा ब्रेड आणि डब्यात हॅम. रागावलेली असली तरी ती रिकाम्या हाताने येत नाही.

"खाल्लंस का काही?"

"खाल्लं."

"खोटं बोलू नकोस. सिंक कोरडं आहे." तिने किटली चढवली. "आता सांग. हे खूळ कुठून आलं?"

"मला वाटलं तू सांगशील."

"मी? बासष्टाव्या वर्षी मी शिडीवर चढेन? एका गुडघ्यात खिळा आहे माझ्या, डोनल!"

आम्ही दोघे पुढे जाऊन उभे राहिलो. तिने डोळ्यांवर हात धरून पाटी पाहिली. मग म्हणाली, "ते आमच्या बाबांचे पाव आहेत."

होते. बायकोच्या अर्ध्यात तीन पाव, तपकिरी नव्हे तर सोनेरी. तिचे वडील बॉइल गावात बेकरी चालवायचे. नवऱ्याच्या अर्ध्यात राखी बगळा. माझे वडील गळ टाकून तासन्‌तास तळ्यात एका पायावर उभे असत, निदान एथ्नाच्या म्हणण्याप्रमाणे. ना आम्हा टार्पींना कुलचिन्ह आहे ना तिच्या माहेरच्या क्लोहर्टींना. लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा एथ्नाने थट्टेने ही ढाल काढली आणि भिंतीवर लावायला नको म्हणून मी ती कपाटात ठेवली. लोकांना जन्मभर सांगायचे की असली घरगुती चिन्हे खोटी, आणि स्वतःच्या बैठकीत बगळा?

"तिनेच रंगवलंय हे," अट्रॅक्टा म्हणाली.

तेही मला दिसले होते. सोन्याची कड रंगवताना एथ्ना काळ्याला ती टेकू द्यायची नाही. मध्ये केसाएवढी फट सोडायची. हे दुसऱ्या कोणाला जमत नाही, आणि जमले तरी कोणी करत नाही.

"मग आजारात केलं असेल," अट्रॅक्टा हळू आवाजात म्हणाली. "ते औषध किती कडक होतं, डोनल. डोक्यावर एक केस राहिला नव्हता. बरोबर-चूक कुठून कळणार पोरीला. झालं असेल उलटसुलट."

मी मान हलवली. पण त्या शेवटच्या उन्हाळ्यात एथ्नाला दोन्ही हातांनीही कप धरता येत नव्हता, आणि ही कड तर एका श्वासात ओढलेली होती. शिवाय डाव्या-उजव्याची चूक तिने कधी केली नसती. ढाल पूर्ण झाली की ती हातआरसा घेऊन तिच्याकडे पाठ करून उभी राही आणि आरशातून बघे. उलटे पाहिले की वाकडे लपत नाही. "आणि मागे जो उभा आहे, त्याला कसं दिसतंय तेही बघायला नको का?" असे म्हणायची.

मी शेडमधून शिडी आणली. पाटी काढून ठेवायची, चर्चा नंतर. वर चढून पाहिले तर फळीला चारी कोनांवर पितळी खिळ्यांची टोके होती, डोकी नव्हती. पाटी मागून घट्ट केलेली होती.

मागे म्हणजे आमचा पुढचा बोळ. आत जाऊन दिवा लावला. दारावरच्या भिंतीला फिकट हिरवा वॉलपेपर आहे, एथ्नाने चिकटवलेला. मी खुर्चीवर चढून त्यावरून हात फिरवला. ना भोक, ना फुगवटा, ना शिवण.

"काय झालं?" अट्रॅक्टाने खालून विचारले.

"काही नाही. गवंड्याला विचारावं लागेल."

"गवंड्याला! वर्ष काढेल तो."

३

आमच्या भागात मेलेल्या माणसाचे कपडे शेजाऱ्याला देतात, आणि शेजाऱ्याने ते घालून तीन रविवार चर्चमध्ये मिस्सेला जायचे असते. नुसते देऊन भागत नाही. तीन रविवार कोणी अंगावर वागवले की ते गेलेल्याला तिकडे पोचतात. नवी पिढी हसते, पण पिशव्या भरून देतेच.

त्या रविवारी पॅकी गिल्डे माझा ट्वीडचा कोट घालून पुढच्या बाकावर बसला होता.

पॅकी माझा शेजारी, सत्तरीचा, बायको नाही, दोन कुत्री. मिस्सा संपल्यावर मी त्याला दरवाजाबाहेर गाठले.

"पॅकी, कोट कोणाचा?"

तो लाल झाला. "आता तूच दिलास आणि तूच विचारतोस होय, गड्या?"

"मी कधी दिला?"

"फाटकाला पिशवी अडकवलेली. वर चिठ्ठी. 'पॅकी, तीन रविवार.' मला वाटलं, तुला तोंडाने सांगायला अवघड गेलं असेल."

"चिठ्ठी आहे?"

त्याने पाकिटातून काढून दिली. जपून ठेवली होती. अक्षर एथ्नाचे. मी ती घडी करून परत दिली. का, ते माहीत नाही.

यालाही कारण सापडते. नोव्हेंबरात एथ्नाचे कपडे मीच पिशव्यांत भरले होते, आणि त्या दिवसांत मी काय करत होतो याचे मला नीट भान नव्हते. आजारी असताना तिनेही कपाटे आवरली होती, चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. एखादी चिठ्ठी चुकीच्या पिशवीला लागली असेल. फक्त हा कोट मी गेल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरकडे घालून गेलो होतो.

"काढ तो," मी म्हणालो. "माझा आहे. मी अजून जिवंत आहे, पॅकी."

"ते दिसतंय मला. चिडतोस तेव्हा तर फारच." तो हसला, मग थांबला. "आज दुसरा रविवार आहे, डोनल. अर्ध्यावर सोडलेलं चांगलं नसतं. पुढचा रविवार झाला की घे परत. धुऊन देतो."

वाद घालायला मला लाज वाटली. लोक बघत होते.

त्या आठवड्यात माझा वाचायचा चष्मा सापडेना. दाढीचा ब्रश सापडेना. शेगडीजवळची माझी खुर्ची दोनदा भिंतीला सरकवून ठेवलेली दिसली, वापरात नसलेली खुर्ची ठेवतात तशी. आणि स्वयंपाकघरामागच्या एथ्नाच्या खोलीतून, जी मी नोव्हेंबरात बंद केली होती, सकाळी अकराच्या सुमारास आवाज येऊ लागला. काचेवर लाकूड आपटल्याचा. दोनदा टक्‌टक्‌, मग बराच वेळ काही नाही. रंगाचा ब्रश पाण्यात खळबळून बरणीच्या काठावर झटकल्यासारखा. धुराड्यात कावळ्यांनी घरटे केले असावे. मी रेडिओ मोठा केला आणि हेशनबाईंना चौथे पत्र लिहायला घेतले.

तिसऱ्या रविवारी मी मिस्सेला गेलो नाही. साडेबाराला स्वयंपाकघरात आलो तर कोट खुंटीवर होता. त्याला मेणबत्त्यांचा वास येत होता आणि आतले अस्तर कोमट होते.

पॅकीने निदान हाक तरी मारायची. मी त्याला फोन केला.

"कोट मिळाला. थँक्यू. पण सांगून जायचं ना, पॅकी."

"कुठला कोट?"

"माझा. खुंटीवर ठेवून गेलास तो."

पलीकडे कुत्री भुंकत होती. त्याने त्यांना गप्प केले.

"डोनल," तो म्हणाला, "मी आत्ताच घरात शिरलोय. अजून बटणं काढायची आहेत."

४

अट्रॅक्टाने हे सगळे ऐकले, कारण पॅकीने तिला सांगितले आणि तिने माझ्याकडून वदवून घेतले. ऑक्टोबर संपत आला होता. ती टेबलाशी बसली, हॅट न काढता.

"मला एकच सांग. ती पाटी काय म्हणते?"

"सांगितलंय तुला."

"पुन्हा सांग."

"नवरा गेला, बायको आहे."

"हं. आणि किती दिवस राहते ती?"

"वर्ष आणि एक दिवस."

"मग?"

"मग काय. चर्चमध्ये नेतात. विषय संपला."

"विषय संपला," ती म्हणाली. "बघ, मी काही भुताखेतांची बाई नाही. पण बाबांची बेकरी चालवलीय मी. पीठ कधी फुगतंय आणि कधी बसतंय ते मला बघून कळतं. तू बसत चाललायस, डोनल. नऊ तारखेला तिच्या वर्षाची मिस्सा आहे, माणसं इथे चहाला येणार. त्याच्या आत ती पाटी सरळ कर. निघत नसेल तर वर चढून रंग बदल. तिचा भाग काळा, तुझा पांढरा. जे झालंय ते लिही. एक बहीण गेली तेवढं मला पुरे आहे."

तिच्या म्हणण्यात चूक काहीच नव्हती. चुकीची पाटी दुरुस्त करणे, हे तर माझे कामच. परक्या माणसाच्या ढालीत एक पाव कमी असता तरी मला झोप लागली नसती.

रंग एथ्नाच्या खोलीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी ते दार उघडले. उत्तरेच्या खिडकीतून सपाट, करडा उजेड येत होता. टेबल खिडकीशी, खुर्ची आत सरकवलेली, फळ्या समोरच्या भिंतीला. धूळ होती. जितकी असायला हवी होती तितकी नव्हती, पण बंद खोलीत धूळ कमी साचते. बरणीत पाणी होते. अकरा महिन्यांत ते आटून जायला हवे. गढूळ पांढरे पाणी, आणि कडेला ताजी ओली रेघ. छपराला गळती असणार, मी मनात म्हणालो आणि छताकडे पाहिलेसुद्धा. छत कोरडे होते.

मी टेबलाकडे पाठ करून फळीवर काळ्याचा डबा शोधू लागलो. डब्याच्या पुढे हातआरसा पालथा पडला होता. तो बाजूला ठेवण्यासाठी उचलला, आणि उचलताना तो उलटला.

आरशात माझ्यामागचे टेबल होते. टेबलाशी डोके खाली घातलेली बाई बसली होती.

केस वाढले होते. हे मला सगळ्यांत आधी दिसले. दोन-तीन इंच, पांढरे, तापातून उठलेल्या मुलासारखे मऊ आणि कसेही उभे. अंगात काळे स्वेटर. असले स्वेटर तिच्याकडे कधी नव्हते. नाकावर माझा चष्मा. ती वाळली होती, पण चांगली दिसत होती. हात स्थिर होता. कागदावर नारिंगी रंगाचा सिंह होता, शेपूट अर्धी राहिलेली, आणि ओठ पुटपुटत होते. काय पुटपुटत होते ते मला ऐकू न येताही कळत होते. एकोणतीस वर्षे मी ते तोंड पाहिले आहे. या माणसाने आपल्याला कसल्या फालतू कामात अडकवून ठेवले आहे, असे ते तोंड. तिने ब्रश बरणीत खळबळला आणि काठावर दोनदा झटकला.

माझ्या हातून डबा फळीला आपटला.

तिने मान वर केली. माझ्याकडे नाही पाहिले. रिकाम्या घरात कुठेतरी काही वाजले की एकटे राहणारे माणूस जसे श्वास धरून ऐकते, तशी ती ऐकत राहिली.

मी वळलो. खुर्ची आत सरकवलेली होती. पाण्यावर एक तरंग काठापर्यंत जाऊन विरला.

आरसा मी पालथा ठेवला. काळ्याचा डबा घेतला, पांढऱ्याचा घेतला, तिचा दोन नंबरचा रुंद ब्रश घेतला आणि दार लावून घेतले. हे सगळे मी अगदी व्यवस्थित केले. मग स्वयंपाकघरात बसलो आणि हेशनबाईंना सिंह न देण्याबद्दल मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आले.

५

नऊ नोव्हेंबर. मिस्सा बाराला होती. अट्रॅक्टा साडेनऊलाच आली, बरोबर पॅकी, शिडी धरायला. थंडी होती, पण कोरडी. रंग वाळायला चांगला दिवस.

"चढ," अट्रॅक्टा म्हणाली. "आधी काळा."

"आधी पांढरा नको का?" पॅकीने विचारले. "म्हणजे, मध्येच घसरला बिसरला तर... तोवर दोन्हीकडे काळं नको."

"तुझं तोंड बंद ठेव आणि शिडी धर, पॅकी."

"धरलीय. तुझ्यापेक्षा हलकी आहे."

आधी काळाच करायचा असे मी ठरवले होते. तिची बाजू आधी, कारण ती उरकली की बाकीचे सोपे. मी चढलो. एका हातात डबा, एका हातात ब्रश. पाटी तोंडासमोर आली. जवळून बगळा फार चांगला होता. त्याच्या चोचीखाली तिने एक छोटा मासा काढला होता. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षीच्या ढालीत तो नव्हता.

मी ब्रश बुडवला, डब्याच्या काठाला निथळला आणि पांढऱ्यावर टेकवण्यासाठी हात पुढे केला.

पाटी हलली.

वाऱ्याने नाही. खिळ्याला टांगलेली फळी हलते ती एका टोकावर झुलते. ही बोटभर खाली आली आणि पुन्हा वर गेली, जड वस्तू दोन हातांत धरून उभे राहिलेला माणूस दमला की एका हातावरून दुसऱ्या हातावर भार घेतो तशी. मागे भिंत होती. भिंतीमागे बोळ, बोळात हिरवा वॉलपेपर. मी कान लावला नाही. लावावा लागला नाही. फळीच्या मागून, अगदी जवळून, नाकाने घेतलेला श्वास ऐकू येत होता. वर्षभर काही धरून ठेवलेल्या माणसाचा.

"काय झालं?" खालून अट्रॅक्टा.

मला तेव्हा काय वाटले ते लिहून ठेवतो, कारण ते बुद्धीला धरून नाही हे मला कळते. वाटले की मी ही बाजू काळी केली, तर खोलीतल्या त्या खुर्चीवर कोणी नसेल. केस वाढणे थांबेल. सिंहाची शेपूट अर्धी राहील. तिने तिच्या घरावर जे खरे होते ते लिहिले होते, अचूक, डावे-उजवे न चुकता. आणि मी ते खोडायला चढलो होतो, कारण ते माझ्या घरावर चूक होते.

"डोनल! अरे, पोचला का ब्रश?"

ब्रशवरून एक थेंब सुटला आणि पॅकीच्या टोपीवर पडला. तो वर पाहून म्हणाला, "मला कशाला काळा करतोस, गड्या? मी कोणाचा नवरा नाही."

मी खाली उतरलो.

"रंग घट्ट झालाय," मी सांगितले. "टर्पेंटाइन घालावं लागेल. उद्या करतो."

अट्रॅक्टाने वर पाटीकडे पाहिले, डब्याकडे पाहिले. रंग दुधासारखा पातळ होता. मग माझ्याकडे पाहिले. माझ्या कॉलरला हात घालून ती सरळ केली, लहान मुलाची करतात तशी, आणि गाडीत जाऊन बसली.

मिस्सेत फादरनी गेलेल्याचे नाव घेतले तेव्हा मी खोकलो. कोणते नाव घेतले ते मला ऐकायचे नव्हते.

६

वर्ष आणि एक दिवस दहा नोव्हेंबरला भरला. त्यानंतर काय होते हे पुस्तकांत नाही. पाटी चर्चमध्ये नेतात, एवढेच आहे. ही कोणी नेलेली नाही.

अट्रॅक्टा आता बसमध्ये पलीकडच्या बाजूला बसते, असे टेसी सांगते. दर शुक्रवारी ब्रेड मात्र मागच्या पायरीवर असतो. पॅकी कोट वापरत नाही. त्याच्याकडे आहे आणि माझ्याकडेही आहे, आणि आम्ही दोघे त्याबद्दल बोलत नाही. अकराच्या सुमारास आवाज येतो. मी रेडिओ लावत नाही. माझ्याकडून होईल तितके हळू चालतो. तिला दचकायला होऊ नये.

काल ओहायोहून पत्र आले. पाकिटावर "मिसेस एथ्ना टार्पी" असे नाव होते. मी उघडले. हेशनबाईंचे अक्षर मोठे आणि आनंदी आहे. त्यांनी लिहिले होते की सिंह फारच सुंदर आला आहे, विशेषतः शेपूट. चौकटीत घालून जिन्यात लावला. तुमच्या यजमानांच्या जाण्याचे वाचून वाईट वाटले. पत्रांतून ते थोडे चिडखोर वाटायचे, पण माणूस सच्चा असावा. तुम्ही एकट्या आहात, तब्येतीला जपा.

सिंह मी पाठवला नव्हता. घरात झालेल्या मृत्यूबद्दल मी त्यांना जानेवारीत एक ओळ लिहिली होती. बाईंनी वाचताना कोण गेले आणि कोण उरले यात गल्लत केली असेल. लोक करतात. त्यांना पाचवे पत्र लिहून ती चूक दाखवून द्यायची, असे मी ठरवले आणि कागदही घेतला.

कागद टेबलावर आहे. काळ्याच्या डब्याचे झाकण मी लावले नव्हते. त्यावर साय धरली आहे, आणि ब्रश कडक झाला आहे.

पाटी मी दुरुस्त केलेली नाही.